राणीछाप अर्काचा चमचा घरच्या माणसाच्या हाती राहू देण्याबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
औषध लेबले व दावे कक्ष,
खानदेश विभाग.

अर्जदार: श्री. चंद्रहास त्र्यंबक नेरकर, वय ७१, भागीदार, मे. नथू श्रावण आणि वंशज, पाचोरे. हल्ली मुक्काम अल मजाज, शारजा, संयुक्त अरब अमिराती.

विषय: ‘राणीछाप पुष्टिवर्धक अर्क’ या औषधाच्या लेबलावरील एकतीसही दावे मागे घेण्याबाबत, आणि एक ओळ राहू देण्याबाबत.

संदर्भ: १. आपल्या कक्षाची नोटीस, जी पुतण्या चि. दर्शन याने अर्जदारास व्हॉट्सॲपवर पाठवली.
२. नव्या लेबलाचा मसुदा, जो आपल्या टेबलावर मंजुरीसाठी आहे.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा उपरोक्त फर्मचा लहानसा भागीदार असून फर्मच्या कारभारात त्याला कोणी विचारत नाही. त्याची त्याबाबत तक्रारही नाही. कारभार पुतण्या दर्शन पाहतो आणि चोख पाहतो. आपली नोटीस आली तेव्हा त्याने ती अर्जदाराला पाठवून खाली लिहिले, ‘काका, फक्त माहितीसाठी.’ अर्जदाराकडे हल्ली बरेच काही फक्त माहितीसाठीच येते, त्यामुळे त्याने ती नोटीस पुन्हा पुन्हा वाचली. तीत एकही शब्द वावगा नाही. हा अर्ज त्या नोटिशीविरुद्ध नाही हे आधीच नमूद केलेले बरे, कारण पुढे गैरसमजाला पुष्कळ जागा आहे.

२. औषधाचा पूर्वेतिहास असा. नथू श्रावण हे अर्जदाराचे पणजोबा. विलायतेत राणी व्हिक्टोरिया गादीवर होती त्या काळात ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. विलायतेहून तेव्हा टॉनिकच्या बाटल्या पेट्याच्या पेट्या येत. आतले पाणी कोणत्याही रंगाचे असो, बाहेरच्या कागदावर रोगांची रांग लागलेली असे: मस्तकशूळ, अशक्तता, क्षय, स्त्रियांचे झुरणे, पुरुषांची मरगळ, पोरांची किरकिर. औषध एक आणि रोग तीस. नथूशेठ ते कागद रोज वाचत आणि साहेब लोक रांगेने त्या बाटल्या नेताना पाहत. अखेर त्यांनी दवाखाना सोडला. सुंठ, ओवा, दालचिनी, गूळ आणि मोहाची दारू एकत्र करून त्यांनी आपली बाटली भरली, वर राणीचे चित्र डकवले, आणि विलायतेच्या बाटलीवर तीस रोग होते म्हणून आपल्या बाटलीवर एकतीस छापले. देशाभिमान त्या काळी असाही असे. स्वातंत्र्यानंतर आजोबांनी राणीच्या हाती कमळ देऊन तिची लक्ष्मी केली, आणि दर्शनने अलीकडे तिला पद्मासनात बसवले आहे. चेहरा मात्र तोच ठेवल्यामुळे बाई फार अवघडलेल्या दिसतात. मोहाची दारू दारूबंदीच्या कायद्यातच गेली. सध्याच्या अर्कात मादक असे काही नाही, हे अर्जदार शारजात राहत असल्याने विशेष करून नमूद करतो.

३. आता दाव्यांकडे वळू. कक्षाने पुरावे मागितले आहेत. दर्शनने वकील लावून मुदत मागावी असे ठरवले होते. पण आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार. अर्जदार हे दावे आपल्यापुरते बिनशर्त मागे घेत असून काहींची कारणे नमुन्यादाखल देत आहे.

टक्कल: नथूशेठांचा पगडी उतरवलेला एकही फोटो घराण्यात नाही. एवढ्यावरून समजून घ्यावे.

सर्पदंश: गुण आला नाही अशी तक्रार कधी आली नाही. ती येण्याची शक्यता कमीच होती.

प्लेग: प्लेगाच्या साली अर्काचा खप सर्वांत जास्त झाला असे घरात अभिमानाने सांगत. त्याच साली नेरकरांचे सगळे कुटुंब अर्काच्या पेट्या गावात सोडून शेतात झोपडी बांधून राहिले, हेही सांगत. फक्त दोन्ही गोष्टी एका दमात सांगत नसत.

वाचेचा अडथळा: येथे अर्जदार स्वतःच पुरावा आहे. लहानपणी तो अडखळत बोलायचा. जन्मभर अर्क घेऊनही, महत्त्वाचे काही बोलायची वेळ आली की तो आजही अडखळतो. या मुद्द्याचे काम पुढे पडणार आहे.

एकतिसावा दावा ‘परमुलखी जीव न रमणे’ असा आहे. हा नथूशेठांनी स्वतः रचला, विलायतेच्या बाटलीवर तो नव्हता. रेल्वेच्या कामावर दूर जाणारे लोक बाजारात बाटली घ्यायला थांबावेत म्हणून तो घातला असे म्हणतात. हा दावा मागे घेताना अर्जदाराचा हात थोडा थांबला. तरीही तो मागे घेण्यात येत आहे. अर्कात तो गुण नाही, हे अर्जदाराने शारजात खात्री करून घेतले आहे.

४. दावे संपले. आता त्या ओळीविषयी. जुन्या लेबलावर अगदी तळाशी अशी सूचना आहे: ‘हे औषध आपल्या हाताने घेऊ नये. आठवड्यातून एकदा, घरच्या माणसाने चमच्याने पाजावे.’ नव्या मसुद्यात ती गळली असून तिच्या जागी ‘सोबतच्या मापाने पाच मिलिलिटर घ्यावे’ असे आले आहे. ती गाळावी असे आपल्या कक्षाने कोठेही म्हटलेले नाही. नोटिशीत फक्त मात्रा स्पष्ट असावी एवढेच आहे. ओळ गाळली ती दर्शनने, लेबल सुटसुटीत दिसावे म्हणून.

महोदय, ही ओळ दावा नाही, ती सरकारी हुकमाने आलेली आहे. अर्क सुरुवातीला आठवडी बाजारात गाडीवर विकला जाई आणि नथूशेठ स्वतः एकेकाला चमचा पाजत. पुढे बाटल्या घरोघर गेल्या. तेव्हा कचेरीतल्या एका कारकुनाने अशक्तपणा एका बैठकीत घालवावा म्हणून अख्खी बाटली रिचवली आणि भर कचेरीत लावणी म्हटली. मामलेदारांनी नथूशेठांना बोलावून ताकीद दिली की, यापुढे औषध घेणाऱ्याच्या हाती बाटली देऊ नये, घरच्या जबाबदार माणसाने मोजून पाजावे. त्या ताकिदीची ही ओळ झाली. नथूशेठांच्या एकतीस थापांच्या खाली एवढे एक वाक्य सरकारचे आहे, म्हणून ते काढण्याआधी सरकारने एकदा विचार करावा, अशी विनंती आहे.

५. एवढ्यावर अर्ज संपवता आला असता. परंतु ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. अर्जदाराला या ओळीची गरज का आहे, ते सांगणे भाग आहे.

अर्जदार लग्नानंतर लगेच शारजात आला. तिथल्या रोल्ला नावाच्या बाजारपेठेतल्या एका व्यापारी पेढीत त्याने नोकरी केली आणि तेथूनच निवृत्त झाला. पाचोऱ्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर अर्काची बाटली येई. दर शुक्रवारी सुटीच्या सकाळी अर्जदाराची पत्नी विद्युल्लता त्याला चमचा पाजत असे. तिचा एकतीसपैकी एकाही दाव्यावर विश्वास नव्हता. नेरकरांनी जगाला फसवले आणि शेवटी स्वतःही फसले, असे ती म्हणे. पण ओळीवर तिचा विश्वास होता. एका हातात चमचा, दुसऱ्या हाताचा तळवा अर्जदाराच्या हनुवटीखाली, थेंब सदऱ्यावर पडू नये म्हणून. तोंड उघडून बसलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही हे जाणून ती आठवड्याच्या साऱ्या तक्रारी त्याच वेळी सांगून घेई. मग चमचा तोंडात जाई. अर्क फार कडू आहे, गूळ असूनही. कडवटपणा जाईपर्यंत दोघे खिडकीशी बसून खाली खालिद तलावातल्या होड्या पाहत.

चार वर्षांपूर्वी ती गेली. त्याच हिवाळ्यात इथल्या सरकारने बहुतेक ठिकाणची शुक्रवारची सुटी शनिवार-रविवारवर नेली. त्यामुळे मात्राही शनिवारी सरकली. अर्जदाराने तेव्हा कोठेही अर्ज केला नव्हता, हे लक्षात घ्यावे.

६. अर्जदाराला यतीन हा एकुलता मुलगा आहे. तो अबूधाबीत अल रीम आयलंडवर राहतो, तेथेच एका बँकेत आहे. आई गेल्यावर पहिल्या सुटीला तो आला तेव्हा बाटली टेबलावरच होती. त्याचे शिक्षण सगळे इंग्रजीत, मराठी वाचणे तुटक. त्याने बाटली उचलून तळाची ओळ बोट ठेवून वाचली. ‘घरच्या माणसाने’ या शब्दांवर तो थांबला आणि म्हणाला, “म्हणजे आता मीच.” मग चमचा घेऊन आला. हनुवटीखाली हात धरायचा असतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने तो धरला.

तेव्हापासून तो दर शनिवारी येत होता. शारजाच्या तोंडाशी गाड्या कशा तुंबतात ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. येण्याजाण्यात त्याची अर्धी सुटी जाई. सून शर्वाणी डब्यात काहीतरी करून पाठवी, कधी स्वतः येई. नात पर्णिका आली की चमचा तिच्या हाती. “आजोबा, ओपन वाइड,” असे म्हणून ती पाजत असे आणि वर ‘गुड बॉय’ म्हणत असे. पाजायला किती वेळ लागतो? डोळ्याचे पाते लवेल एवढा. पण एवढ्या लांबून आलेला माणूस लगेच उठत नाही. यतीन गळका नळ बघे, फोनमधले काहीतरी नीट करून देई, आणि जेवण झाल्यावर सोफ्यावर आडवा होई. अर्जदार समोरच्या खुर्चीत बसून त्याचे घोरणे ऐके. अर्जदारास या वयात यापेक्षा अधिक काही नको आहे आणि नको होते.

७. दिवाळीच्या सुमारास दर्शनने ओळखीच्या कोणाबरोबर नव्या लेबलाच्या नमुना बाटल्या अबूधाबीला पाठवल्या. यतीन त्यांतली एक घेऊन आला. तिच्या झाकणावर प्लास्टिकचे माप बसवलेले होते. तो खरोखर आनंदला होता. म्हणाला, “बाबा, हे बघा, मेजरिंग कॅप. नवीन लेबलवर ती लाइन पण नाहीये. आता तुम्ही स्वतःच घेऊ शकता. माझी वाट बघत बसायला नको, ट्रॅफिकचं काही खरं नसतं ना.”

अर्जदाराला काही म्हणायचे होते. वर परिच्छेद तीनमध्ये उल्लेखिलेला अडथळा आला. बाहेर पडले ते एवढेच: “बरं झालं.”

पुढच्या शनिवारी यतीनचा व्हिडिओ कॉल आला. शर्वाणी, पर्णिका सगळे होते. औषध घेतले का असे त्याने विचारले, अर्जदाराने माप कॅमेऱ्यासमोर धरले, आणि सगळ्यांना बरे वाटले. त्यानंतरच्या शनिवारी त्याला ऑफिसचे काम निघाले. त्यानंतरच्या शनिवारी पर्णिकाचा पोहण्याचा क्लास लागला, जो आतापर्यंत शनिवारी घेता येत नव्हता. यात कोणाचाही दोष नाही. मुलगा गुणी आहे; अर्जदार त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहीत नाही, आणि या अर्जातून तसा अर्थ निघत असल्यास तो काढू नये. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण येथे लागू नाही, कारण मुलाची गरज सरलेली नाही. ती फक्त लेबलावरून गेली आहे.

८. अर्जदाराने माप वापरून पाहण्याचा प्रयत्न केला. पाच मिलिलिटर भरले, ओठांपर्यंत नेले आणि परत बाटलीत ओतले. एकट्याने बसून औषध घेण्यात काही गैर नाही. जगात कितीतरी लोक घेतात. अर्जदाराला ते जमले नाही.

तेव्हा त्याने इतर मार्ग चोखाळले. इमारतीचा पहारेकरी जहूर हा पेशावरकडचा सज्जन मनुष्य आहे. अर्जदार बाटली व चमचा घेऊन खाली गेला. जहूरने प्रथम त्यात दारू नाही ना याची दोनदा खात्री करून घेतली, मग “बिस्मिल्ला” म्हणून चमचा पाजला आणि “खलास, चाचा?” असे विचारून गेट उघडायला धावला. गाडी वाट पाहत होती. अर्जदार कडवट तोंडाने लिफ्टमध्ये उभा राहिला. औषध पोटात गेले होते, पण मात्रा झाली असे काही वाटले नाही.

एका संध्याकाळी तो चमचा खिशात घालून तलावाकाठी फिरायलाही गेला. बाकांवर कुटुंबे बसलेली होती. मराठी बोलणारे माणूस त्या दिवशी औषधालाही सापडले नाही, आणि सापडले असते तरी त्याला काय म्हणायचे हे अर्जदाराने ठरवलेले नव्हते. चमचा तसाच घरी आणला.

अखेर समोरच्या फ्लॅटमधल्या हव्वाबींना विचारले. त्या दापोलीकडच्या, विद्युल्लतेच्या मैत्रीण, लेकीकडे राहतात. त्यांनी दार उघडे ठेवून, खुर्ची दारात ओढून, नीट चमचा पाजला. हनुवटीखाली रुमाल धरला. मग लेबल बघायला मागितले, जुने. ओळ वाचून झाल्यावर म्हणाल्या, “भाऊ, मी दर आठवड्याला पाजेन. पण हे तुमच्या पोराचं काम आहे. त्याला सांगा.”

९. आपणही हेच विचाराल याची अर्जदारास कल्पना आहे. मुलाला सरळ ‘ये’ म्हणून का सांगत नाही? महोदय, सांगितले तर तो येईल, त्याच दिवशी येईल, आणि सगळी कामे टाकून येईल. येताना काळजी घेऊन येईल. बाबांना काय झाले असे विचारेल, डॉक्टरकडे नेईल, अल रीमला चला म्हणेल. तिथल्या त्याच्या दोन खोल्यांत अर्जदार पंधरा दिवस राहून आलेला आहे. सगळे दिवसभर बाहेर असतात आणि खिडकी उघडत नाही. नाहीतर तो दर शनिवारी येईल, पण बापाने बोलावले म्हणून येईल, आणि बोलावून आणलेल्या माणसाचे लक्ष घड्याळाकडे जाते. आजवर अर्जदाराने त्याला कधी बोलावले नाही. बोलावत होती ती ओळ. तिला ‘नाही’ म्हणायचे कोणाच्या मनात येत नसे, आणि तिने बोलावले म्हणून कोणाला वाईटही वाटत नसे. अर्जदाराला हे तोंडाने मागता येत नाही. एकतीस रोगांपैकी तो एक, अर्काने बरा न झालेला.

१०. सबब विनंती की:

(अ) एकतीसही दावे काढून टाकून ‘घरच्या माणसाने चमच्याने पाजावे’ ही ओळ नव्या लेबलावर कायम करावी. अक्षर बारीक चालेल.

(आ) ओळ जुनाट वाटत असल्यास ती इंग्रजीत घ्यावी. उलट ते अधिक सोयीचे होईल. यतीनला बोट ठेवून वाचावे लागणार नाही.

(इ) तेही नियमात बसत नसल्यास, सत्तर वर्षांवरील जुन्या रोग्यांना मापाने स्वतः घेण्याचा नियम लागू नाही असे कक्षाच्या कागदावर दोन ओळींत कळवावे. असा नियम नाही हे अर्जदार जाणतो. ज्याने एका अर्जात एकतीस खोटे दावे परत केले, त्याला बदल्यात एक मिळावा, इतकेच त्याचे म्हणणे आहे.

(ई) यांपैकी काहीच शक्य नसल्यास, मसुद्याची फाइल आपल्या टेबलावर आहे तेथेच असू द्यावी. फाइल हलावी म्हणून आपल्याकडे रोज माणसे येत असतील. ती हलू नये म्हणून येणारा अर्जदार बहुधा पहिलाच. घाई नाही. आपल्या कक्षाला जितका वेळ लागतो तितका, किंवा थोडा अधिक घ्यावा. निर्णय होईपर्यंत जुने लेबल अमलात राहते, असे दर्शनच्या वकिलांनी सांगितले आहे.

११. म्हणून, इतर काही होवो न होवो, या अर्जाची पोच मात्र न चुकता द्यावी. तिच्यावर शिक्का आणि आवक क्रमांक असावा. ती मिळाली की अर्जदार तिचा फोटो यतीनला पाठवील आणि खाली फक्त एवढेच लिहील की, प्रकरण सरकारदरबारी आहे, तोवर जुनी ओळ लागू. एवढे लिहिणे त्याला जमेल. बोलायचे नाही, लिहायचे आहे.

आपला वेळ घेतला त्याबद्दल क्षमस्व. आपणास कोणी घरचे माणूस औषध पाजत असेल, तर या अर्जातले फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

आपला नम्र अर्जदार,
आणि राणीछापचा जुना रोगी,

(सही)
चंद्रहास त्र्यंबक नेरकर
अल मजाज, शारजा
बुधवार, दि. १० डिसेंबर २०२५

सोबत:
१. जुने लेबल, बाटलीवरून भिजवून काढलेले. तळाची ओळ बोट फिरून पुसट झाली आहे, तरी वाचता येते.
२. नव्या लेबलाच्या मसुद्याची प्रत.
३. प्लास्टिकचे माप, एक नग. धुऊन पाठवले आहे, परत नको.
४. चमचा जोडलेला नाही. शनिवारी लागेल.